कपाळाची शस्त्रक्रिया शिकताना: ओढण्याआधी सोडवायला शिका

एमएस (सर्जरीची पदव्युत्तर पदवी) करून प्लास्टिक सर्जरीच्या एमसीएचला (त्यापुढच्या पदवीला) आलेल्या रेसिडेंटला ब्रो लिफ्ट, म्हणजे भुवया उचलण्याची शस्त्रक्रिया, सोपी वाटते. भुवया खाली आल्यात, वर ओढायच्या. पण कपाळ ओढून वर जात नाही. ते जिथे हाडाला धरून बसलंय तिथून सोडवलं, तरच सरकतं.

मोठ्या सरकारी रुग्णालयात निव्वळ सौंदर्यासाठी कपाळाची केस फारशी येत नाही, म्हणून निराश होऊ नका. अपघातात फ्रंटल साइनसचं (कपाळातल्या हवेच्या पोकळीचं) हाड मोडलेला रुग्ण येतो, तेव्हा या कानापासून त्या कानापर्यंत डोक्यावरून कोरोनल छेद घेऊन फ्लॅप (हाडावरून सोडवलेला पदर) उचलतात. थर तेच असतात. मी कपाळ तिथेच शिकलो. अशा केसला रिट्रॅक्टर (जखम उघडी धरणारं अवजार) धरायला मिळाला तरी सोडू नका.

त्वचा, तिच्याखालची घट्ट चरबी आणि गॅलिया (त्याखालचा चिवट पडदा) हे तीन थर एकमेकांना इतके बांधलेले असतात, की ते एकत्रच हलतात. गॅलिया जवळजवळ ताणलाच जात नाही. त्याच्याखालच्या सैल थरावर हे सगळं घसरतं, आणि तळाशी हाडाला चिकटलेलं त्याचं आवरण, पेरिऑस्टियम. कपाळाच्या फ्रंटॅलिस स्नायूला हाडाची पकड नाही. तो गॅलियातून निघून भुवईच्या त्वचेत संपतो. भुवई वर उचलणारा स्नायू हा एकच. खाली खेचणारे मात्र कॉरुगेटर, प्रोसेरस, ऑर्बिक्युलॅरिस असे बरेच.

आता टेम्पोरल रेषेवर (कपाळ आणि कानशिलाच्या मधल्या हाडाच्या कडेवर) बोट ठेवून बघा. इथे गॅलिया, पेरिऑस्टियम आणि कानशिलावरचे पडदे एकत्र येऊन हाडाला जखडतात. फ्रंटॅलिसही साधारण इथेच संपतो. भुवईची बाहेरची बाजू आधी उतरते ती त्यामुळे. ही जखडण आणि डोळ्याच्या खोबणीच्या कडेवरचं पेरिऑस्टियम मोकळं केलं नाही, तर वरून कितीही ओढा, भुवई जागची हलत नाही. ताण सगळा छेदावर येतो.

छेदावरच्या ताणाचं पुढे काय होतं, हे नीट समजून घ्या. त्वचा व्हिस्कोइलॅस्टिक आहे. ताणून धरली की काही वेळात तिच्यातला ताण आपोआप कमी होतो, आणि भार कायम राहिला तर ती हळूहळू लांबत जाते. टेबलावर छान दिसलेली भुवई काही महिन्यांत उतरते, व्रण रुंदावतो, कडेचे केस गळतात. म्हणून भार खोल थरांना द्यायचा: कानशिलावर डीप टेम्पोरल फॅशियाला (तिथल्या स्नायूवरच्या जाड पडद्याला) टाका, मध्यभागी हाडातला बोगदा किंवा विरघळणारा खिळा. त्वचेचे टाके फक्त कडा जुळवण्यापुरते. माझ्या मते नवख्या हाताने सगळ्यात आधी हीच शिस्त लावून घ्यावी.

थर चुकला तर नस (नर्व्ह) जाते. फेशियल नर्व्हची फ्रंटॅलिसला हलवणारी टेम्पोरल शाखा टेम्पोरोपरायटल फॅशियाच्या (कानशिलाच्या त्वचेखालच्या वरच्या पडद्याच्या) आतल्या अंगाला धरून जाते. त्वचेवर तिचा अंदाज देणारी पिटँगीची रेषा कानाच्या ट्रॅगसखाली (भोकापुढच्या उंचवट्याखाली) अर्ध्या सेंटिमीटरपासून भुवईच्या बाहेरच्या टोकाच्या दीड सेंटिमीटर वरपर्यंत जाते. कानशिलात डीप टेम्पोरल फॅशियाच्या पांढऱ्याशुभ्र पडद्यावरच राहा. सेंटिनल व्हेन ही खुणेची रक्तवाहिनी दिसली की ती नर्व्ह जवळच आहे असं समजून हात हळू करा. कपाळाला संवेदना देणाऱ्या सुप्राऑर्बिटल नर्व्हची खोल शाखा टेम्पोरल रेषेच्या आतल्या बाजूला अर्धा ते दीड सेंटिमीटरवरून डोक्याकडे जाते. कोरोनल छेदात ती कापली जाते आणि छेदामागचा भाग बधिर होतो, कधी खाजतो. रुग्णाला हे आधी सांगितलंच पाहिजे.

एमसीएचच्या तीन वर्षांत कॅडेव्हर डिसेक्शनची (मृतदेहाच्या विच्छेदनाची) संधी मिळाली, तर एका बाजूला गॅलियाखालून आणि दुसऱ्या बाजूला पेरिऑस्टियमखालून फ्लॅप उचला. टेम्पोरल रेषा सोडवण्याआधी आणि सोडवल्यावर भुवई किती सरकते, ते दोन्हीकडे पट्टीने मोजा. पुस्तकातल्या आकृतीवरून हा फरक हाताला कळत नाही.

ओपीडीत रुग्णाला बसवूनच तपासा. आडवा झाला की भुवया आपोआप वर जातात. डोळे मिटून कपाळ सैल सोडायला सांगा, मग उघडायला. पापणी खाली पडलेला माणूस दिसावं म्हणून फ्रंटॅलिसने भुवई सतत उचलून धरतो. त्याची पापणी दुरुस्त केली की भुवई खाली येते. त्यामुळे आधी पापणी मोजा आणि खुणाही बसलेल्या अवस्थेतच करा.