दाणे चिमण्यांचे, पंगत खारीची

चिमण्यांसाठी टांगलेला फीडर खार रिकामा करते म्हणून ऑनलाइन ‘स्क्विरल-प्रूफ’, म्हणजे खारीला दाणे न मिळू देणारा, फीडर मागवणार असाल, तर थांबा. ते फीडर अमेरिकेतल्या-इंग्लंडातल्या करड्या खारींसाठी बनवलेले असतात. ती खार अर्धा किलोची. ती बसली की वजनाने दाण्यांवरची झडप बंद होते. आपली पट्टेवाली खार शंभर ग्रॅमच्या आसपास, म्हणजे साळुंकीएवढीच. झडप खारीसाठी जुळवली तर साळुंकीही उपाशी, नाही जुळवली तर फक्त पारवे हाकलले जातात. (तेही वाईट नाही म्हणा.) जाळीच्या पिंजऱ्यातल्या फीडरचंही तेच. जिथून चिमणी आत जाते तिथून आमच्या सांगलीची खार शेपटीसकट जाते.

तिला अडवायचं ते वाटेत.

अंगण असेल तर झाडाला काहीही टांगू नका. एक इंची जीआय (जस्त चढवलेला लोखंडी) पाइप घ्या, दीड फूट जमिनीत काँक्रीटमध्ये रोवा आणि साडेसहा-सात फूट वर राहू द्या. टोकाला फीडर. पाइपवर जमिनीपासून साडेचार-पाच फुटांवर पत्र्याची टोपी बसवायची. पत्र्याची कामं करणाऱ्याला ‘खाली तोंड करून बसणारं मोठं नरसाळं’ म्हटलं की कळतं. व्यास दीड फूट तरी हवा, पत्रा गुळगुळीत हवा, आणि पाइपभोवतीची फट नीट बंद हवी. फटीतून ती हमखास वर येते. पाइपला दोरी, वेल, कुंडीचा स्टँड, काहीही टेकलेलं नको.

आता अंतर. आंब्याची फांदी, कंपाउंडची भिंत, गॅलरीचा कठडा, सगळ्यांपासून फीडर आठ फूट लांब. डोळ्याने अंदाज करू नका, टेप लावा. डोक्यावर फांदी तर नकोच, कारण वरून खाली उडी मारायला तिला काही कष्ट पडत नाहीत. पावसाळ्यात फांद्या भराभर वाढतात, तेव्हा श्रावणात परत एकदा मोजा आणि छाटा.

फ्लॅटवाल्यांनी स्लॅबच्या हुकाला बारीक तार बांधावी. सुतळी आणि नायलॉन खार कुरतडते. तारेत फीडरच्या वर जुनी स्टीलची परात पालथी अडकवायची, मधोमध भोक पाडून, जरा डुलती. पाय ठेवला की परात कलते आणि खारबाई घसरतात. फक्त एसीचा पाइप आणि कपड्यांची दोरी जवळ आहे का ते बघा, तिच्या लेखी ते जिनेच.

एवढं करूनही पोचली, तर तिखट. पक्ष्यांना मिरचीचा जाळ जाणवत नाही, सस्तन प्राण्यांना जाणवतो. किलोभर बाजरीला चमचाभर तेल चोळून दोन चमचे तिखट लावा. ब्याडगी नको, तिला नुसता रंग. लवंगी किंवा संकेश्वरी घ्या. नाकाला रुमाल बांधून कालवा, आणि थोडंथोडंच करा, कारण तेल खवट होतं. पावसाने तिखट धुऊन जातं, म्हणून हा उपाय दुसऱ्या नंबरचा.

खांबाला ग्रीस फासायचा सल्ला बरेच जण देतात. ऐकू नका. ग्रीस पिसांना लागलं की पक्षी ते साफ करू शकत नाही. चिकट सापळे आणि विषारी गोळ्या यांबद्दल तर बोलायलाच नको.

आमच्या सासूबाईंना हे सगळं पटत नाही. “तिच्या पाठीवर रामाची बोटं आहेत, तिला काय हाकलता?” म्हणून मागच्या पेरूखाली मूठभर शेंगदाणे ठेवतो. त्याने ती पुढे यायची थांबत नाही, पण कमी येते. पुढच्या फीडरमध्ये मात्र शेंगदाणे आणि सूर्यफूल अजिबात नको, नुसती बाजरी आणि राळे. मुनिया आणि चिमण्यांना तेवढं पुरतं.

खाली सांडलेले दाणे संध्याकाळी झाडून घ्या आणि फीडर रात्री आत आणा. खार अंधार पडला की झोपते, घुशी तेव्हाच निघतात.