पाच तारांचा बेस घेता घेता राहिला

आमच्या गायिकेची पट्टी खाली, त्यामुळे माझ्या चार तारांच्या बेस गिटारवरच्या सर्वांत जाड ई तारेच्याही खालचा डी सूर सारखा लागायचा. पाच तारांचा नवा बेस घ्यायच्या बेतात होतो. मग पाच तारांचा संच आणला, त्यातली सर्वांत बारीक, म्हणजे जीची तार बाजूला ठेवली आणि जुन्याच बेसवर ई-ए-डी-जीच्या जागी बी-ई-ए-डी या चार तारा चढवल्या. ०.१३० इंची बी नटच्या, म्हणजे मानेच्या टोकाला तारा टेकतात त्या पट्टीच्या, खाचेत बसेना, वरच तरंगत राहिली. त्या त्या खाचेतल्या जुन्या तारेच्या तुकड्याला पॉलिशपेपर गुंडाळून चारही खाचा रुंद केल्या. खोल नाही, नाहीतर तार पहिल्या फ्रेटवर (मानेवरच्या पहिल्या धातूच्या आडव्या पट्टीवर) खडखडते. एकूण ताण उतरला म्हणून ट्रस रॉड (मानेचा बाक सांभाळणारी आतली सळई) पाव फेरा सैल केला; सूर जुळावा म्हणून बीचं सॅडल (तार खालच्या टोकाला टेकते तो तुकडा) मागे घेतलं. मोकळी, म्हणजे न दाबता वाजवलेली, बी जेमतेम ३१ हर्ट्झ, ती माझ्या छोट्या अँपला (अँप्लिफायरला) झेपत नाही; डी मात्र झकास. जी गेल्याचं दोन गाण्यांत जाणवतं, हात वर सरकवावा लागतो.