जुनी ऑक्टाव्हिया आरएस घेताय? इंजिन गार असतानाच बघा

स्कोडाची ऑक्टाव्हिया 2001 पासून आपल्या छत्रपती संभाजीनगरजवळच्या शेंद्र्यातच जुळवली जायची. तिची 1.8 टर्बो आरएस, म्हणजे जास्त ताकदीची स्पोर्टी आवृत्ती, विकायला निघाली की हात शिवशिवतात, पण लगेच इसार देऊ नका. ‘मी येईपर्यंत गाडी चालू करू नका,’ असं मालकाला आधीच सांगा. गार इंजिनवर बॉनेट उघडा आणि टर्बोचे रबरी होस बोटांनी दाबून, जरा वळवून बघा. मराठवाड्याच्या उन्हात त्यांना बारीक भेगा पडतात. टायमिंग बेल्टचं बिल नसेल तर तो वॉटर पंपासकट बदलायचाच आणि तेवढा खर्च भावातून कमी करून घ्यायचा. बेल्ट तुटला की व्हॉल्व्ह वाकतात, इंजिनच्या सिलिंडर हेडचं काम निघतं. आरसीवरचा कर्जाचा बोजा उतरलाय का, 15 वर्षांनंतरचं नोंदणीचं नूतनीकरण झालंय का, हेही तपासा.