कालप्रवासाची विनोदी कादंबरी लिहिताना या चुका टाळा

‘विनोदीच तर आहे, चालून जाईल,’ ही समजूत कालप्रवासाच्या जितक्या कादंबऱ्या बुडवते, तितक्या कच्च्या विज्ञानानेही बुडत नसतील. पहिल्या प्रकरणात भूतकाळ बदलता येत नाही असे ठरवायचे आणि नवव्या प्रकरणात एका हशासाठी तो बदलून टाकायचा, ही सर्वांत महागात पडणारी चूक आहे. कारण नियम मोडतो हे एकदा लक्षात आले की वाचकाला नायकाची काळजी वाटेनाशी होते, आणि काळजीबरोबर हसूही आटते.

इगोर नोविकोव्ह या भौतिकशास्त्रज्ञांनी १९८० च्या दशकात मांडलेल्या स्वसुसंगतीच्या तत्त्वानुसार भूतकाळात गेलेला माणूस जे काही करील, ते इतिहासात आधीपासूनच घडलेले असते. हा नियम विनोदाला फार मानवतो. छत्री हरवलेला नायक दहा मिनिटे मागे जातो, दाराआडची छत्री उचलतो आणि जिना उतरत असताना त्याला वरून स्वतःचाच चिडका आवाज ऐकू येतो, “माझी छत्री कोणी नेली?” येथे लेखकाला वेगळी कोटी करावी लागलेली नाही. कथानक अडले तर नियम सैल करण्याऐवजी मागच्या प्रकरणात जाऊन नायकाची निकड वाढवावी.

तारखांची चूक त्याहून फसवी असते. नायकाला १० ऑक्टोबर १५८२ रोजी रोममध्ये उतरवले, तर ती तारीखच तेथे सापडणार नाही, कारण ग्रेगरीय दिनदर्शिका लागू करताना ४ ऑक्टोबरनंतर थेट १५ ऑक्टोबर धरण्यात आला. ब्रिटनने हाच बदल १७५२ मध्ये केला आणि २ सप्टेंबरच्या दुसऱ्या दिवशी १४ सप्टेंबर उजाडला. मधल्या काळात लंडनहून रोमला गेलेल्या पात्राला कालयंत्राशिवायही तारीख चुकवता आली असती, आणि हा प्रसंग हातचा सोडणे मला तरी जमले नसते.

जागेबाबत उलट चूक होते, म्हणजे स्पष्टीकरण अति होते. पृथ्वी सूर्याभोवती सेकंदाला सुमारे ३० किलोमीटर वेगाने फिरत असल्यामुळे तासभर मागे गेलेला प्रवासी अवकाशात लोंबकळेल, ही शंका रास्त आहे. पण ‘तेच ठिकाण’ कशाच्या सापेक्ष मोजायचे, हे सापेक्षतावादात आपणच ठरवायचे असते. यंत्र पृथ्वीच्या गुरुत्वाकर्षणाला बांधलेले आहे, एवढे एक वाक्य पुरते.

पात्रांनी स्वतःच्या विनोदावर हसणे तर टाळाच. स्टीफन हॉकिंग यांनी २८ जून २००९ रोजी कालप्रवाशांसाठी मेजवानी ठेवली, तिची निमंत्रणे मेजवानी उरकल्यावर जाहीर केली आणि कोणीच आले नाही. तयारी अगदी रीतसर होती, म्हणूनच ती गंमत टिकली.

हस्तलिखितात गोंधळ झालाच, तर प्रत्येक पात्रासाठी दोन रकाने आखावेत: एकात जगाची तारीख आणि दुसऱ्यात त्या पात्राने प्रत्यक्ष जगलेले दिवस. दाढी किती वाढली, जखम भरली की नाही, कोणता प्रसंग त्याला आठवतो आणि कोणता अजून घडायचा आहे, हे सारे दुसऱ्या रकान्यावरून ठरते. छत्री कोणाच्या हातात आहे, हेही तेथेच लिहून ठेवावे.