लेओव्हरमध्ये अडकायचं नसेल तर या चुका टाळा

लेओव्हर म्हणजे विमान बदलताना मधल्या विमानतळावरचा थांबा. कनेक्शन, म्हणजे तिथून पुढचं विमान, चुकलं की सगळा दोष उशिरा आलेल्या विमानावर जातो. बऱ्याचदा घोळ मात्र कितीतरी आधी, तिकीट काढतानाच झालेला असतो.

स्वस्तात दोन सुटी तिकिटं

सगळ्यात वर दिसणारा स्वस्त पर्याय पुष्कळदा दोन कंपन्यांची वेगवेगळी तिकिटं जोडून केलेला असतो. कोपऱ्यात बारीक अक्षरांत ‘सेल्फ ट्रान्सफर’ लिहिलेलं असतं, ते वाचा. पहिलं विमान रखडलं तर दुसऱ्या कंपनीला त्याचं काही सोयरसुतक नसतं. तिच्या लेखी तुम्ही ‘नो शो’, म्हणजे न आलेले प्रवासी, आणि त्याच तिकिटावर परतीचा प्रवास असेल तर बहुधा तोही रद्द. शिवाय मधल्या विमानतळावर बॅगा स्वतः उचलून पुन्हा चेक-इन करायचं, म्हणजे त्या देशात शिरायचं, म्हणजे व्हिसाचा प्रश्न आलाच. सगळा प्रवास एकाच बुकिंगवर असेल तर पुढच्या विमानात बसवण्याची जबाबदारी कंपनीची. सुटी तिकिटं घ्यायचीच असतील तर मध्ये अख्खी रात्र ठेवा. दोन-तीन तासांच्या भरवशावर हा जुगार खेळू नये.

‘मी कुठे बाहेर पडणार आहे?’

व्हिसाच्या बाबतीत हे वाक्य फार महागात पडतं. अमेरिकेत इमिग्रेशन न करता विमान बदलायची सोयच नाही. पुढे मेक्सिकोला जायचं असलं तरी व्हिसा लागतो, किंवा ज्यांना व्हिसामाफी आहे त्यांना ‘एस्टा’ परवानगी. युरोपातली खोच वेगळी. फ्रँकफर्टला उतरून माद्रिदमार्गे दक्षिण अमेरिकेला जाताना फ्रँकफर्ट-माद्रिद हा टप्पा शेंगेनच्या, म्हणजे आपसात सीमा-तपासणी नसलेल्या युरोपीय देशांच्या गटाच्या, आतला असतो, त्यामुळे इमिग्रेशन फ्रँकफर्टलाच होतं आणि नुसता ट्रान्झिट व्हिसा (विमानतळाबाहेर न पडता विमान बदलण्यापुरता) पुरत नाही. नुसतं ‘लंडन’ किंवा ‘टोकियो’ वाचूनही निर्धास्त होऊ नका. हीथ्रोला उतरून गॅटविकहून, किंवा नारिताला उतरून हानेदाहून पुढचं विमान असेल तर शहर ओलांडून जावं लागतं.

75 मिनिटं म्हणजे 75 मिनिटं नव्हेत

दोन विमानांमध्ये तेवढा वेळ दिसला, तरी तिकिटावरची उतरायची वेळ विमान गेटला लागण्याची असते. तुमची सीट मागे असेल तर दाराशी पोचेपर्यंत दहा-पंधरा मिनिटं जातात. विमान लांब उभं असेल तर बस. मग ट्रान्सफरची सिक्युरिटी: पुन्हा लॅपटॉप बाहेर, पुन्हा पट्टा काढा. त्यानंतर टर्मिनल बदलायला ट्रेन. आणि पुढचं गेट विमान सुटायच्या साधारण 15-20 मिनिटं आधीच बंद होतं. हातात अर्धा तास उरला तरी नशीब म्हणायचं. कंपन्या ठरलेल्या किमान वेळेत बसणारी तिकिटं विकतात. ती वेळ सगळं सुरळीत पार पडलं तरच पुरते. मोठ्या विमानतळावर मला तीन तासांखाली चैन पडत नाही. बोर्डावर लक्ष ठेवा, कारण बऱ्याच ठिकाणी आता फ्लाइटच्या घोषणाच होत नाहीत.

तारखेचं एक वेगळंच. 15 तारखेला 00:40 चं विमान म्हणजे 14 च्या रात्रीच विमानतळावर हजर राहायचं. शिकलेसवरलेले लोकही यात फसतात.

बॅगेचा टॅग न बघणं

काउंटरवर बॅग पट्ट्यावर सरकण्याआधी टॅगवरचा तीन अक्षरी कोड वाचा आणि बोर्डिंग पासशी ताडून पाहा. शेवटच्या मुक्कामाचा कोड असेल तर बॅग तिथपर्यंत टाकली आहे. मधल्याच विमानतळाचा असेल तर तिथे ती बेल्टवर फिरत राहील. अमेरिकेत मात्र टॅग शेवटपर्यंतचा असूनही सहसा पहिल्या विमानतळावर बॅग उचलून कस्टम्समधून न्यावी लागते आणि लगेच पलीकडच्या काउंटरवर पुन्हा द्यावी लागते. सरळ पुढच्या गेटकडे धावू नका.

बारीकसारीक धक्के

पहिल्या विमानतळावर भरून घेतलेली पाण्याची बाटली दुसऱ्या सिक्युरिटीला रिकामी करावी लागू शकते. ड्यूटी-फ्रीचं अत्तर पावतीसकट सीलबंद पिशवीतच राहू द्या. सील फोडलं की केबिन बॅगेतल्या द्रवांसाठीचा 100 मिलीचा नियम पुन्हा लागू होऊ शकतो. पॉवर बँक केबिन बॅगेतच, आणि 100 वॉट-अवरपेक्षा मोठी असेल तर आधी कंपनीची परवानगी. विमानात मिळालेलं सफरचंद पर्समध्ये टाकून ऑस्ट्रेलियात किंवा अमेरिकेत उतरलात तर तेही जाहीर करावं लागतं. न केल्यास दंड होऊ शकतो.

गडबड झालीच तर

रांगेत उभे राहा, पण त्याच वेळी कंपनीचं अ‍ॅप उघडा आणि फोनही लावा. जागा भराभर संपतात. घाबरून स्वतःच नवं तिकीट काढू नका, त्याचे पैसे परत मिळवणं कटकटीचं असतं. बॅग आली नाही तर विमानतळ सोडण्याआधी ‘पीआयआर’, म्हणजे बॅगेच्या तक्रारीचा अहवाल, लिहून घ्या आणि त्याची प्रत जवळ ठेवा. 1999 च्या माँट्रियल करारानुसार बॅग खराब झाल्याची लेखी तक्रार ती मिळाल्यापासून 7 दिवसांत आणि उशिरा मिळाल्याची 21 दिवसांत करावी लागते.