निमॅटोडचं औषध कधी सोडायचं? आधी पांढरी मुळी बघा

डाळिंबात निमॅटोडला (मुळात शिरून गाठी करणाऱ्या सूक्ष्म कृमीला, म्हणजे सूत्रकृमीला) कुठलं औषध चालतं हे सगळे विचारतात, कधी सोडायचं ते कोणी विचारत नाही. अर्धा खेळ तिथेच आहे.

पिल्लू अंड्यातून निघतं तेव्हा जेमतेम अर्धा मिलिमीटर, डोळ्याला दिसतच नाही. तोंडात पोकळ काटा असतो, पण नुसतं टोचून आत घुसता येत नाही, म्हणून ते काट्यातून एन्झाइम सोडतं. सेल्युलेज पेशीची भिंत मऊ करतं, पेक्टेट लायेज दोन पेशी चिकटवून ठेवणारं पेक्टिन विरघळवतं, आणि मग हे महाशय पेशींच्या मधून आरामात सरकत आत जातात. (प्राण्याकडे स्वतःचं सेल्युलेज असतं हे १९९८ मध्ये बटाटा आणि सोयाबीनच्या निमॅटोडवरून कळलं, ते जीन मूळचे बॅक्टेरियाचे असं मानतात. उसनवारीच!)

शिरायची जागा म्हणजे पांढऱ्या मुळीच्या टोकामागचा कोवळा भाग. एकदा आत बसून गाठ झाली की वरून सोडलेलं बहुतेक काही त्याच्यापर्यंत नीट पोचत नाही. म्हणून गाठी दिसल्यावर पळापळ करण्यापेक्षा ताण (बहारासाठी बंद ठेवलेलं पाणी) तोडून पाणी दिलं की पांढरी मुळी सुटायला लागते तेव्हाच निंबोळी पेंड आणि पॅसिलोमायसिस ही मित्रबुरशी शेणखतात मिसळून ड्रिपरखाली, ओल असलेल्या जागी द्या. ही बुरशी चिटिनेज आणि प्रोटिएज सोडून निमॅटोडच्या अंड्याचं कवचच खाते, म्हणजे एन्झाइमला एन्झाइमनेच उत्तर. डोस पाकिटावरचाच.

निमॅटोड आहे की नाही कसं बघायचं? झाड उपटू नका, बारीक मुळ्या तुटून मातीतच राहतात. ड्रिपरजवळ १५ ते ३० सेंटीमीटर खोलवरची माती मुळ्यांसकट काढा, प्लास्टिक पिशवीत, सावलीत ठेवा आणि लॅबला द्या. लॅब लांब असेल तर तीच माती कुंडीत भरून टोमॅटोचं साधं रोप लावा, निमॅटोडला रेझिस्टंट जात नको, पाच-सहा आठवड्यांनी मुळं हळू धुऊन बघा, गाठी असतील तर उत्तर मिळालं. हरभरा-भुईमुगाच्या मुळावरच्या गाठींशी गल्लत करू नका, त्या बोटाने सहज सुटतात, निमॅटोडची गाठ म्हणजे मुळीच फुगलेली असते.

आणि हो, पॅसिलोमायसिस सोडलं त्याच आठवड्यात बुरशीनाशकाची आळवणी करू नका, तीही बुरशीच आहे, पैसे मातीत जातील.