मांजरीला लाकडी भुशाची सवय लावताना

जळगाव, धुळे, भुसावळकडे मांजर घरातच ठेवायची म्हटली की तिच्या शी-लघवीसाठी आधी घमेल्यात बांधकामाची उरलेली वाळू येते. पुढे पेटशॉपमधलं बेंटोनाइट येतं, म्हणजे ओली झाली की गोळा होणारी माती. वाळू लघवी धरून ठेवत नाही, ती तळाशी साचते आणि एप्रिल-मेमध्ये पारा ४४-४५ वर गेला की दुसऱ्याच दिवशी खोलीत अमोनियाने डोळे चुरचुरतात. बेंटोनाइटचा धुरळा पंजांना चिकटून गादीपर्यंत जातो. दाबून केलेल्या लाकडी भुशाच्या कांड्या, ज्यांना दुकानात पेलेट म्हणतात, हे दोन्ही त्रास बरेच कमी करतात. अडचण एकच, मांजर त्यावर सहजासहजी पाय ठेवत नाही.

बहुतेक लोक दोष वासाला देतात, पण खरी अडचण पंजाला असते. घरमांजरांचे पूर्वज कोरड्या, वाळवंटी मुलखातले. त्यांना बारीक, मऊ, उकरता येईल अशी जमीन लागते, आणि ६ मिलिमीटर जाडीच्या कडक कांड्या पायाखाली खडीसारख्या टोचतात. म्हणून जुन्या वाळूत थेट कांड्या मिसळू नका. आधी त्याच कांड्यांचा भुसा करून मिसळा. पंजा आणि नाक त्याला सरावले की मग अख्ख्या कांड्या आणा.

खरेदी करताना एक गोष्ट नीट पाहा. एमआयडीसीतल्या बॉयलरसाठी मिळणाऱ्या पेलेट स्वस्त असतात, पण त्यात शेंगांची टरफलं, सोयाबीनचा भुसा, कधी पऱ्हाटी, म्हणजे कपाशीच्या वाळलेल्या काड्याही, दळलेली असते. कपाशीवर किती फवारण्या होतात हे इथल्या माणसाला सांगायला नको, आणि मांजर पंजे चाटूनच स्वच्छ करते. दुकानदाराच्या शब्दावर न जाता चार कांड्या कोमट पाण्यात टाका. निव्वळ लाकडाची कांडी काही मिनिटांत फुगून एकसारख्या रंगाचा, लाकडाच्या वासाचा भुसा होते. टरफलाचे तुकडे, काळे कण किंवा पेंडीचा वास आला तर ती चुलीत जाऊ द्या. वखारीतला किंवा फर्निचरवाल्याकडचा फुकटचा भुसाही नको, कारण त्यात प्लायवूड आणि एमडीएफची धूळ असते, आणि त्या पाट्या फॉर्मल्डिहाइडच्या राळेने चिकटवलेल्या असतात. देवदाराच्या उग्र वासाचं लाकूडही टाळा.

भुसा करायला १ किलो कांड्यांवर साधारण अर्धा लिटर गरम पाणी शिंपडा आणि अर्धा तास झाकून ठेवा. फुगल्या की हाताने मोकळा करा आणि गच्चीवर कापडावर पसरा. आपल्याकडच्या उन्हात तो एका दुपारी वाळतो, पावसाळ्यात दोन दिवसही लागतात. पूर्ण वाळल्याशिवाय वापरू नका, नाहीतर त्याला बुरशी धरते आणि ओला भुसा पंजाला लागला की मांजर त्या भांड्याकडे फिरकतच नाही.

आता बदल. पहिले पाच दिवस तीन भाग जुनी वाळू किंवा माती आणि एक भाग भुसा. पुढचा आठवडा निम्मं-निम्मं. तिसऱ्या आठवड्यात एक भाग वाळू, दोन भाग भुसा आणि एक भाग अख्ख्या कांड्या. चौथ्या आठवड्यात वाळू बंद, फक्त कांड्या, आणि वर दोन मुठी भुसा पसरलेला. या सगळ्या काळात शेजारी जुन्या वाळूचं दुसरं भांडं असलंच पाहिजे. एकच भांडं ठेवून, कुठे जाते बघू, असा हट्ट धरला तर मांजर पायपुसणं किंवा गोणपाट शोधते, आणि एकदा कापडाची सवय लागली की ती मोडायला कांड्यांच्या सवयीपेक्षा जास्त वेळ जातो.

मांजर भांड्याच्या कडेवर चारी पाय तोलून बसते, आत गेल्यावर पंजे झटकते, न उकरता पळते किंवा भुसा सोडून बाजूची भिंत खरवडते. यातलं काहीही दिसलं की आधीच्या प्रमाणावर परत या आणि पाच दिवस तिथेच थांबा. पंजा धरून उकरायला लावणं, रागावणं याचा परिणाम उलटा होतो, ती भांड्यालाच घाबरते. म्हाताऱ्या मांजरीला दोन महिने लागले तरी घाई करू नका. आणि भांड्याची जागा याच काळात बदलू नका. दिवाळीचे फटाके, घराचं रंगकाम, लग्नाचे पाहुणे असतील तर सुरुवात पुढे ढकला. थंडीचे दिवस सगळ्यात सोयीचे, वास कमी असतो आणि मांजर घरातच जास्त असते.

वाळू पूर्ण बंद झाल्यावर, ओल्या कांड्यांचा भुसा खाली पडावा म्हणून, चाळणीचं दुहेरी भांडं घ्या, आधी घेऊन उपयोग नाही, वाळू सगळी खाली पडेल. घरी करायचं तर एकात एक बसणारे दोन प्लास्टिकचे टब आणा, मांजरीच्या नाकापासून शेपटीच्या बुडापर्यंतच्या लांबीच्या दीडपट तरी. वरच्या टबाच्या तळाला ड्रिलने ४ ते ५ मिलिमीटरची भोकं दर दोन बोटांवर पाडा आणि कडा पॉलिशपेपरने घासा. भोक ६ मिलिमीटरचं झालं तर अख्ख्या कांड्याही खाली जातात. खिळा तापवून पाडलेली भोकं वाकडी येतात, त्यात भुसा अडकतो.

वरच्या टबात कांड्यांचा थर २ ते ३ सेंटिमीटरच हवा. मातीचा थर जाड लागतो म्हणून कांड्याही तशाच ओतल्या तर त्या पायाखाली घरंगळतात, शिवाय ओल्या झाल्यावर दोन-तीन पट फुगतात. रोज शी उचला आणि टब हलवून भुसा खाली पाडा, वरून मूठभर कांड्या घाला. खालचा भुसा उन्हाळ्यात रोज, एरवी दोन दिवसांनी काढा. सगळं बदलायचं ते दोन आठवड्यांनी, मे महिन्यात आठवड्याने. एका मांजरीला महिन्याला साधारण सहा ते आठ किलो कांड्या लागतात. भांडी मांजरांपेक्षा एक जास्त ठेवा. पोतं कूलरच्या वाऱ्यात किंवा ओलीच्या भिंतीला टेकवून ठेवलं तर कांड्या आपोआप फुगतात, उधईही लागते. धान्याच्या पत्र्याच्या कोठीत घट्ट झाकणाखाली उत्तम राहतात.

टब गरम पाण्याने आणि भांड्याच्या साबणाने धुवा, उन्हात वाळवा. फिनाईल मुळीच नको. त्यातले फिनॉल पचवून बाहेर टाकण्याची क्षमता मांजरीच्या यकृतात फार कमी असते, आणि पंजाला लागलेलं ती चाटते. ब्लीच लघवीतल्या अमोनियाशी मिळून विषारी वायू तयार करतं.

लघवीचा भुसा शोभेच्या झाडांच्या बुडाशी टाकता येतो. शी मात्र कागदात गुंडाळून घंटागाडीत द्या, वांग्या-मिरचीच्या वाफ्यात किंवा शेणखताच्या उकिरड्यावर नको. मांजरीच्या शीमध्ये टॉक्सोप्लाझ्मा हा रोग पसरवणारा सूक्ष्म परजीवी असला तर तो साधारण एक ते पाच दिवसांनी संसर्गक्षम होतो, म्हणून रोज उचलण्याला महत्त्व आहे. घरात बाई गरोदर असेल तर हे काम दुसऱ्याने करावं. तीन महिन्यांखालची पिल्लं तोंडात काहीही घालतात, त्यांना कांड्या देऊ नका, वर्तमानपत्राचे फाडलेले तुकडे पुरेत.

बोका असेल तर आणखी एक काळजी. मातीत लघवीचे गोळे मोजता येत होते, भुशात ते दिसत नाहीत. रोज सकाळी खालचा टब बघा, भुसा नेहमीइतका ओला आहे का. बोका पुन्हा पुन्हा भांड्यात जाऊन जोर करतोय, ओरडतोय, लघवीची जागा चाटतोय आणि भुसा कोरडाच आहे, तर तो नव्या कांड्यांवर रुसला असं समजू नका. मूत्रमार्ग बंद झाला असेल तर एक-दोन दिवसांत जिवावर बेततं. सकाळची वाट न पाहता त्याच तासाला पशुवैद्याला फोन करा आणि त्याला घेऊन निघा.